ठोकून बघ

लक्ष्मीपुरीत बागवानांच्या दुकानात
बुडालेल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर आलाय विकायला.
बारा हजार. जुना झिऑन, चौसष्ट जीबी रॅम,
रॅमही अशी, की आकडा चुकला तर स्वतःच दुरुस्त करते.
"पतसंस्थेला तेवढंच जमलं नाही,"
इम्तियाजभाई म्हणतात आणि चहा सांगतात.

मी वहीत मांडतो
(कोल्हापूरची पोर आहे, मांडतेबिंडते तिकडं पुण्यात):
हा घेतला तर नुसता बसून शंभर वॅट,
महिन्याला बहात्तर युनिट,
आणि पंखे असे, की माळ्यावर ठेवला तरी
खाली बापूंची झोप उडणार.
नवा छोटा बोर्ड घेतला तर पस्तीस वॅट, गप्प,
पण त्याची रॅम भोळी.
चुकली तरी तिला कळायचं नाही, मलाही नाही.

ठेवायचं काय, तर चाळीस वर्षांची ड्रॉइंगं.
ट्रेसिंग पेपरवर, सिमेंटच्या पोत्यावर,
एक तर लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
बापू उद्यमनगरातले पॅटर्नवाले.
सागाचा पंप आधी ह्यांच्या हातून निघायचा,
मग फौंड्रीत लोखंडाचा.

"एका पेटीत चार मशिनी," मी सांगतो.
"खऱ्या न्हाईत. पण हरेकीला वाटतं, घरात आपण एकटीच."
बापू पटाशी पुसत म्हणतात,
"मग आम्ही पत्रा कशाला मारला?
पेटीच घेतली असती."

पत्रा अकरा वर्षांपूर्वीचा. शेडच्या मधोमध.
अलीकडं बापू, पलीकडं आनंदाकाका.
वाटणीत पॅटर्न आले आमच्याकडं,
कोअर बॉक्स गेले तिकडं:
पंपाचं बाहेरचं अंग इथं,
आतली पोकळी तिथं.
तेव्हापासून अख्खा पंप कुणालाच ओतता आलेला नाही.

शेवटी पतसंस्थेचाच बोर्ड घेतला, रॅमसकट.
पेटी त्यांची टाकली. बापूंनी शिवणीची केली,
फटी सोडल्या, दोन मोठे पंखे बसतील अशी भोकं पाडली.
"गरम झालं की फुगतंय. जागा धरून चालायचं."
डिस्कांचं कार्ड थेट साठवणाऱ्या मशीनच्या हातात दिलं,
मधल्या कुणी त्यात बोलायचं नाही.

डिस्का चार, वापरलेल्या.
रिपोर्ट म्हणाला, चौघी ठणठणीत.
बापू कास्टिंग ठोकून बघतात, तडा कानाला कळतो.
डिस्क ठोकायची नसते म्हटल्यावर
त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावलं, मूठ कानाला,
आणि तिसरीपाशी थांबले.
"हिचं बेअरिंग बोलतंय."
मी हसलो. रिपोर्ट दाखवला.
अकराव्या दिवशी पहाटे तिसरी गेली.
जोडीदारीण डिस्कनं सगळं धरून ठेवलं होतं, म्हणून बरं.
इम्तियाजभाईंनी न बोलता बदलून दिली,
एवढंच म्हणाले,
"पुढच्या वेळी मिस्त्रींनाच पाठवा."

जागा उरली होती.
मी एक कप्पा काढला, नाव दिलं 'आनंदा',
आठशे जीबीची हद्द घातली,
आणि पासवर्ड रणधीरला पाठवला. काकांचा पोरगा.
वर काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

नऊ दिवस काही नाही.

दहाव्या रात्री वीज जाऊन आली,
यूपीएस एकदा ओरडला, गप्प झाला.
मी माळ्यावर चढलो तर हिरवा दिवा थरथरत होता.
सहा इंची पंप, कोअर बॉक्स, पान एक.
पान दोन.

खालून बापू: "काय चाललंय गं वर?"
"काय न्हाई. लिहिणं चाललंय."
"कोण लिहितंय?"
"पलीकडचं मशीन."

जिना वाजला. बापू वर आले, हातात स्क्रू ड्रायव्हर.
टोक पेटीला लावलं, मूठ कानाला.
बराच वेळ तसेच उभे.
"येऊ दे," म्हणाले.