बिननावाची बुशिंगं

मिरजोळे एमआयडीसी, शेड अकरा.
बुशिंग एकच, एकाच साच्यातलं.
पुण्याला निळा खोका, पन्नास नग.
होसूरला तेलकागदात बारा-बारा.
तिसऱ्याला खोक्यावर आमचं नावच नको.

"आधीच भरू नका," मी फळ्यावर लिहिलं,
"ऑर्डर येईस्तो क्रेटातच राहू देत."
शहाणपण होतं ते. मे महिन्यात
होसूरनं पाठ फिरवली, तेव्हा
सुगंधा बाणेनं चार हजार पुड्या
सोडल्या होत्या, एकटीनं.

पण खिडकीतून भाट्याचा वारा येतो,
खारट. तो गिऱ्हाईक विचारत नाही.
शनिवारी वरच्या थरावर
तांबूस बोट फिरलेलं.

सुगंधा फडकं घेऊन बसली.
"सायबानू, नाव मागसून घाला.
आदी आंगावर कायतरी घाला."

तेलाचा डबा शोधतोय.
फळा अजून तसाच आहे.