कोळशाच्या दारानं

शुक्रवारी सकाळी अकिमसाहेबांच्या कचेरीतून कागद आला.
शिक्का होता, सही नव्हती.
जिरगाल म्हणाला, सही नाही, म्हणजे खेळ लावायचा.
तो मशीन चालवतो, असल्या फटी त्याला लवकर दिसतात.
मी तिकिटं फाडते.
नारिनच्या या सभागृहात बावीस वर्षं फाडतेय,
एका सिनेमानं अख्ख्या गावाचं नाक कापलेलं
अजून पाहिलं नव्हतं.

दुपारी दोन गाड्या भरून माणसं आली,
कोचकोरची, अत-बाशीची. उंच पांढऱ्या टोप्या,
हातात फलक: आमच्या रीतीची बदनामी थांबवा.
सिनेमा कुणीच पाहिला नव्हता.
एकानं पोस्टर पाहिलं होतं, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा.
पोरगी पळवून आणणं हा काय गुन्हा झाला?
माझ्या बायकोला विचारा, सुखात आहे.
बायको गाडीतच होती.
काच वर होती.

मला आणलं तेव्हाही काच वर होती.
निळी मॉस्कविच. मी एकोणीस वर्षांची,
पिशवीत वही आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद.
तोक्तोसून पुढं बसला होता, एकदाही मागं वळला नाही.
खूप वर्षांनी विचारलं तर म्हणाला, लाज वाटत होती.
माझ्या डोक्यावर पांढरा रुमाल टाकायला सात बायका लागल्या.
तिसऱ्या दिवशी आईचा निरोप आला:
दगड पडतो तिथंच तो जड.
झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि मुठीच्या आत नखं किती रुतली
हे मुठीनं कुणाला सांगायचं?

चार वाजता त्यांनी म्हातारी उतरवली.
दोघांनी धरून आणली, दारात गादी अंथरली,
आणि ती आडवी झाली, बरोबर उंबरठ्यावर.
कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.
आमच्याकडं आडव्या पडलेल्या आजीला ओलांडत नाहीत.
ओलांडणारीचं कधी भलं होत नाही, म्हणतात.
त्या रात्रीही एक अशीच पडली होती दारात,
नवऱ्याची आजी, खोकत.
मी तिच्या पायांकडं बघत बसले,
लोकरीच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.
पहाटे तिला झोप लागली.
चांगली घोरत होती.
तरी मी ओलांडलं नाही.
सिनेमात बाकी सगळं आहे, जिरगालनं मला आधीच दाखवलाय.
एवढंच नाही: की ती झोपली होती.

रांग तशीच उभी. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या दोन नर्स,
कॉलेजच्या मुली, साध्या कपड्यांतला एक पोलीस.
पाय कुणी उचलेना.
मी वळसा घालून मागं गेले,
कोळशाच्या खोलीची कडी काढली.
एकेकजण वाकून आत आला,
कुणाच्या बाहीला काजळी, कुणाच्या कपाळाला.
तिकिटं तिथंच फाडली.
त्रेसष्ट. पोलिसानंही पैसे दिले.

दिवे गेल्यावर मी पुढच्या दारी आले.
मार्चची फरशी, गादीतूनही गार लागत असणार.
फलकवाले चहाला गेले होते,
म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं.
माझा कोट तिच्यावर टाकला.
काय दाखवतात गं आत, ती म्हणाली.
मी सांगितलं. सगळं नाही, गाडीपर्यंतच.
आतून एका मुलीची किंकाळी आली,
पडद्यावरची की खुर्चीतली, कळलं नाही.
म्हातारी छताकडं बघत होती.

गाडी, ती म्हणाली.
माझ्या वेळी घोडा होता. तांबडा.
घरातल्या कुणाशी वर्षभर बोलले नाही,
त्याच्याशी बोलायचे. त्याचा काय दोष.

मग तिनं कोटाखालून हात बाहेर काढला.
उठव म्हणतेय की बस म्हणतेय, समजेना.
मी धरला.
आत अजून चाळीस मिनिटांचा खेळ होता.