अर्धा पिक्सेल

डुलूथला सरोवर गोठलं की
बर्फ आणि आभाळ यांच्यामधली रेघ
करडी होत जाते,
आणि मला आठवते पडद्यावरची शिरोरेषा:
ठिपक्यांच्या दोन रांगांत अडकलेली,
धड वरच्या रांगेत नाही, धड खालच्या.

इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी राहतात.
आपली वरून लोंबतात,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.
दोरीच ढिली असेल
तर 'ळ'चा डाग होतो,
'ष' आणि 'प' ओळखू येत नाहीत,
आणि 'ऱ्या'ची ती पापणी,
ती तर झडूनच जाते.

उपाय सापडला होता.
रेघ अर्धा पिक्सेल खाली ढकलायची,
ठिपक्यातले लाल, हिरवा, निळा
वेगवेगळे पेटवायचे.
एनारनं एका रविवारी लिहून काढलं,
धुरावलेला मासा खात,
आणि सोमवारी स्वतःच
दोन्ही बाजूंना चांदण्या लावून झोपवलं.
कोड आहे. चालतो. चालवायचा नाही.
रेघ सरळ करण्याची रीत
कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे.
(बघा, इथेही पापणी.)

मिनियापोलिसहून वकीलबाई आल्या,
बर्फाचे बूट दाराशी काढून
नुसत्या मोज्यांवर बसल्या.
म्हणाल्या, पेटंटचे कागद सगळ्यांना खुले आहेत,
पण तुम्ही वाचू नका.
न वाचता चुकलात तर नुसती चूक.
वाचून चुकलात तर दंड तिप्पट.

मी हसले. एनार हसला नाही.
लोकांना वाचता यावं
एवढ्याचसाठी तर बसतो आम्ही दोघं,
आणि आम्हालाच वाचनबंदी.

मग न बघताच वाट काढली.
एकेका अक्षराला विचारलं:
बाबा रे, तुझी जाड रेघ कुठली?
तुला टेकायचं कुठे?
'क्ष' सरळ झाला तर 'ज्ञ' वाकला,
'ज्ञ'ला समजावलं तर 'द्ध' रुसला.
असे सहा हिवाळे.
एनारच्या चष्म्याचा नंबर दोनदा वाढला,
बंदरातून खनिजाची जहाजं
गेली, आली, गेली.

एका मंगळवारी पेटंटची मुदत संपली.
घंटा वगैरे वाजली नाही.
मी दोन तिरप्या रेघा आणि दोन चांदण्या खोडल्या,
रविवारचा तो कोड जागा झाला,
आणि 'ळ' आमच्यापेक्षा जरा वाईटच काढू लागला.

आता कागद वाचायला हरकत नव्हती.
उघडले.
स्कॅन इतका पुसट
की पहिल्या पानापुढे जाताच येईना.

त्याच आठवड्यात परभणीहून
कुणी खंदारे मास्तरांनी कळवलं:
तुमच्या नव्या आवृत्तीत
'ऱ्हास' अगदी स्पष्ट दिसतो. आभार.

चांगली बातमी आहे ना, एनारनं विचारलं.
म्हटलं, हो,
पण सांगायला जरा वेळ लागेल.
चहा ठेव.