रात्रीचं तितर

तितर रात्री बोलत नाही.
हे शाळेत नव्हतं, बापाकडून आलं.
तांबडं फुटताना बोलतं, दिवस कलताना बोलतं,
रात्री काट्याखाली पोट टेकून दगड होतं.
आम्हीही झालो होतो.

बोरखडीच्या विहिरीवरची मोटर गेली
आणि त्याच रात्री बेड्यावर उजेड पडला,
पालं पेटल्याचा.
आई कुणीकडे पांगली, बाप कुणीकडे, दिसलं नाही.
पऱ्हाटीत शिरलो ते आम्ही तिघं :
मी सतराची,
बिजल, काकाची, माझ्याहून दोन बोटं उंच,
आणि तहसील.
कचेरीच्या फाटकासमोर जन्मला म्हणून तहसील.
हजेरीला पोरं हसायची,
त्याला वाटायचं, नाव आवडलं.

नाल्याच्या वाळूत नखांनी झिरा उकरायचा,
पाणी निवळायची वाट बघायची नाही.
तुरीच्या शेंगा, कच्च्या. बोरं, किडक्यासकट.
तहसीलला जुलाब लागले.
म्हणाला, पोटात ट्रॅक्टर चालते.
आम्ही हसलो,
तोंडात ओढणी कोंबून हसलो.

माग पुसायला कुणी शिकवावं लागलं नाही.
फासे आम्हीच मांडत आलेलो.
घोड्याच्या शेपटीचा केस, बोराची काटकी,
ससा कुठून निघेल, कुठे थबकेल,
थबकला की मान कुणीकडे वळवेल.
आता मी थबकायचे
आणि माझ्याच मानेला विचारायचे,
कुणीकडे?

धुऱ्याधुऱ्यानं बॅटऱ्या फिरत.
"पोट्टे इथंच असतीन बे, जातीन कुठी?"
एक आवाज ओळखीचा.
आठवीत माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
पेन मागायचा. परतही द्यायचा.
"याइचा माग याइलेच लागते," तो म्हणाला.

तिसऱ्या रात्री त्यांनी फुलसिंग मामाला आणलं.
कुणी म्हणतं, पाचशे रुपये आणि एक पव्वा.
कुणी म्हणतं, त्याचा लेक ठाण्यात बसवून ठेवला होता.
मामा दगडावरचाही माग काढायचा.
वीस पावलांवर येऊन थांबला.
रायमुनियाच्या जाळीतून मला त्याची टाच दिसली,
भेगांत मेण भरलेली.
तो वाकला. मातीला बोटं लावली, नाकाशी नेली.
मग तोंडाशी हात धरून
तितराचं बोलला.
तीनदा.

हे पळा म्हणणं होतं?
रात्री बोलणारं तितर खोटं,
हे बेड्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.
की बोलावणं होतं?
पिंजऱ्यातलं पाळीव तितर असंच बोलतं,
रानातलं उत्तर द्यायला येतं
आणि भोवती फासे असतात.
मामानंच शिकवलेलं,
दोन्ही.

तहसीलचे ओठ हलले.
उत्तराची हाक सगळ्या बेड्यात
त्याच्याइतकी कुणाला येत नव्हती.
मी तळहात त्याच्या तोंडावर दाबला.
तो चावला.
मी काढला नाही.

"इथं काई नाई," मामा म्हणाला.
बिजल सांगते, नाही, तो म्हणाला, "इथं व्हते."
आम्ही दोघी अजून भांडतो त्यावर.
एवढं खरं, की बॅटऱ्या नाल्याकडे वळल्या
आणि आम्ही उजाडेपर्यंत
उलट्या अंगाला, टेकडीकडे, रांगत गेलो.

मामा पुढच्या पोळ्यानंतर गेला.
मयतीला गेले होते. टाचा बघून आले.
आधी विचारता आलं असतं.
चार वेळा समोर बसून चहा प्यायलो,
मी साखरेचं बोलले.

तहसील आता अमरावतीला गॅरेजात आहे.
फोन करतो तेव्हा
हॅलोच्या आधी तितराचं बोलतो, गंमत म्हणून.
माझ्या हातावर त्याच्या दोन दातांची खूण आहे,
तीच बाजू फोन धरते.

मी लगेच उत्तर देत नाही.
आधी दाराबाहेर बघते,
दिवस आहे का.