दहा यार्डांची साखळी

पुढची काठी सत्तावीस वर्षं माझ्या हातात आहे.
मागची मर्लच्या. मधली चिमटी सांभाळतो त्याचा जावई,
जो दर शनिवारी उशिरा येतो
आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं रेषेवर थुंकतो.
आम्हाला मिळतं एक केशरी बनियन,
मध्यंतरात हॉटडॉग, कॉफी लागेल तेवढी,
आणि एक ताकीद:
उभं राहायचं पाहुण्यांच्या बाजूला,
टाळी वाजवायची नाही.

चार प्रयत्न, दहा यार्ड.
खेळ एवढाच. बाकी सगळा बँडचा आवाज.

सप्टेंबरात कुंपणापलीकडचा मका
माणसाहून उंच होता, फुकट सामना बघत होता.
एक्केचाळीस–शून्य.
पुढच्या खेपेला नाकतोडे मोज्यांत शिरले
आणि आमच्या क्वार्टरबॅकचा, कोल्टन रेनक्विस्टचा,
खांदा निखळला.
त्याची आई स्टँडवरून खाली आली नाही.
नुसती उभी राहिली,
शेवटची शिट्टी होईपर्यंत बसली नाही.

बाहेरगावचे सामने मी ट्रकमध्ये ऐकतो,
धान्यकोठाराजवळच्या चढावर, तिथेच रेडिओ लागतो.
खरखरीत कधी कधी
आपला गुण की त्यांचा, कळत नाही,
तेवढा वेळ बरा जातो.

ऑक्टोबरात मका कापला गेला.
एका आठवड्यात क्षितिज मैलभर मागे सरलं
आणि स्टेडियम एकदम लहान दिसायला लागलं,
अंगणात कुणी विसरलेल्या खुर्चीसारखं.
बीटांचे ट्रक रात्रभर धावत होते.
चर्चमध्ये पास्टर इंगेब्रेट्सन म्हणाले, प्रार्थना करू या,
आणि कशासाठी ते सांगायचं टाळलं.
नऊ सामने. नऊ हारी.

दहाव्याला बर्फ.
शेवटच्या वर्षाची मुलं झाडू घेऊन रेषा शोधत होती.
पळणारे सगळे लंगडत होते, म्हणून चेंडू दिला तवीताला,
जो चार वर्षं फक्त इतरांसाठी वाट मोकळी करत आला,
ज्याने आयुष्यातला पहिला बर्फ याच गावात पाहिला
आणि चाटून बघितला.
सतरा–चौदा, आम्ही मागे. चौथा प्रयत्न.
तो घुसला. त्याच्यावर सात जण पडले.
पंचाने ढीग उपसला आणि आमच्याकडे बोट केलं.

आम्ही धावलो. मर्लने काठी टेकवली.
चारशे माणसं गप्प. ट्युबावाल्या मुलीने
तोंडापाशी नेलेलं वाद्य तसंच धरून ठेवलं.
मी साखळी ताणली.
चेंडूचं नाक आणि माझी काठी यांच्यामध्ये
चार बोटं थंड हवा.

आता सांगतो. मनगट जरासं आत वळवलं असतं,
गारठ्याने वळतंच, माझं वय एकाहत्तर.
सत्तावीस वर्षांत माझं मनगट कुणी मोजलेलं नाही.
तवीता गुडघ्यावर होता, चेंडूकडे बघत नव्हता,
माझ्या हातांकडे बघत होता.
मी आणखी ताणली.
दहा यार्ड म्हणजे दहाच यार्ड निघाले.

पार्किंगमध्ये तो ट्रकच्या काचेवर टकटक करत आला.
“खरंच चार बोटं?”
हातमोजा काढून दाखवली.
त्याने शेजारी आपला हात धरला,
चिकटपट्टीत गुंडाळलेला, सुजलेला, फावड्यासारखा.
“माझी तीनच,” म्हणाला,
आणि हसला, आणि मग चेहऱ्याला
हसू कुठे ठेवावं ते सुचेना,
तेव्हा मी त्याला उरलेली कॉफी दिली.

साखळी हिवाळाभर माझ्याकडे असते.
पुसतो, तेल लावतो, बादलीत गोळा करून ठेवतो.
एकदा ती सरळ पसरून बघायची होती.
गॅरेज तीन यार्डांनी कमी पडलं.