वारसनोंद

भावाचा फोन : तलाठी म्हणतो,
पणजोबांच्या मृत्यूचा दाखला आणा, मग बघू.
तू तिथंच आहेस ना, मुहर्रकला?
जुनी बाडं आता सगळी कॉम्प्युटरवर आलीत म्हणे.

तिथंच आहे.
दवाखान्याची बिलं करते, शुक्रवारी सुट्टी.
खाली मशिदीत खुतबा चाललेला,
आणि मी शोधत होते :
धाकू विठू चोपडेकर, गलबतावरचा सुतार,
राहणार जैतापूर.
चोपडेकर नाही. चोपडे नाही. नुसता धाकूसुद्धा नाही.

शेजारच्या उम्म जासिम हसल्या.
आमच्या अक्षरांत प नाही, म्हणाल्या, च नाही,
ध कुठून आणणार?
मग त्यांनी ते नाव तोंडात घोळवलं,
जसं तेव्हाच्या कारकुनानं घोळवलं असेल,
आणि टाइप केलं :
दाकू शोबदेकर.

निघाला.

पान तिरकं आलंय. कडेला एक अंगठा,
स्कॅन करणाऱ्याचा. नखात शाई.
कुठला असेल? सिल्हेटचा, कोल्लमचा?
त्याच्याखाली दोन ओळी गेल्यात झाकून,
ती माणसं आता कुणाला सापडायची नाहीत.
आमची ओळ तेवढी वाचली, बोटभर खाली.

पण हे पुस्तक मेलेल्यांचं नव्हे.
उम्म जासिम उजवीकडून वाचत येतात :
मुलगी. प्रकृती ठीक. आई मोझा.
बाप सुतार, हिंदी.
साल तेराशे अठ्ठावन्न.

हिजरी, इसवी, शक.
बिलाच्या पाठीवर मी वजाबाकी मांडली.
गलबत बुडालं अशी वर्दी आली होती,
घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला,
शके अठराशे अठ्ठावन्न.
आवडूपणजी तेव्हा बावीस वर्षांची.
कपाळ पुसल्यावर ती आरशासमोर
पुन्हा कधी गेली नाही, असं सांगतात.
तीनदा तपासलं. आकड्यांत मी चुकत नाही.
तीन वर्षांपूर्वी जाळलेला माणूस
इथे बाप झालाय.

मबरूक म्हणू का? उम्म जासिमनी विचारलं,
आणि माझ्याकडे बघून
उठून चहा ठेवायला गेल्या.

भाऊ : सापडला का गं?
मी लिहिलं, सापडला. पुसलं.
तलाठ्याला एक मयत हवाय,
माझ्याकडे निघाला तो जिवंत असल्याचा कागद.
आणि सतरा कलमांच्या त्या बागेत
आणखी एक वाटेकरीण,
असलीच तर पंच्याऐंशीच्या पुढची.
मोझा नावाच्या इथे गल्लीगल्लीत सापडतील,
आतून उम्म जासिम सांगतात,
कुठली म्हणून शोधणार तू?

मुलीच्या नावाचा रकाना कोरा आहे.
शेऱ्यात लिहिलंय, नाव अजून ठेवलेलं नाही.

पान उतरवून घ्यायला बटण दाबलं
तर कॉम्प्युटर विचारतो,
फाईलला नाव काय देऊ?

केव्हाची बसून आहे मी,
चौकट उघडी टाकून.