दोनच गाणी

बाबांच्या कानातले वरचे सूर आधी गेले.
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं,
कानात कापूस कोंबून, आणि नंतर नंतर न कोंबताच.
पाखरं गेली, मग किटलीची शिट्टी,
मग 'स' गेला, त्याच्याबरोबर आईची अर्धी वाक्यं.
अकॉर्डियन गेलं सगळ्यात शेवटी,
तेही एकदम नाही,
एकेक बटण करत, उजव्या हाताकडून.

फिनलंडातला टँगो तुम्ही समजता तसा नव्हे.
गुलाब नाही, लाल घागरा नाही.
तळ्याकाठी लाकडी मांडव, डास,
एका बाजूला बाया, एका बाजूला बापे,
कुणी कुणाशी बोलत नाही.
मग एकजण उठतो, वाकतो, हात पुढे करतो.
एका जोडीला दोनच गाणी.
दोन झाली की कोपराला धरून
तिला तिच्या जागेवर आणून सोडायचं,
आभार मानायचे, आणि परत आपल्या भिंतीला.
बाबांनी राइलीला, म्हणजे माझ्या आईला,
सहा उन्हाळे असं आणून सोडलं.
सातव्या वर्षी सोडलं नाही.

त्यांच्या वडिलांना हेही पाप वाटे.
घरात फक्त स्तोत्रं. रेडिओवर टँगो लागला
की ते उठून गोठ्यात जात
आणि दार लावून घेत, गाईंच्या कानावर पडू नये म्हणून.

चौदाव्या वर्षी मी गॅरेजात ड्रम आणले,
दाराला काळा रंग फासला.
चौघी होतो आम्ही. केसांनी स्टेज झाडायचो.
बाबा भिंतीवर झाडूचा दांडा आपटत.
"हे गाणं? हे तर आमचं तीन नंबरचं मशीन,
आणि त्यातून निदान कागद तरी निघतो!"
मी म्हणायचे, तुमच्या प्रत्येक गाण्यात एक बाई निघून जाते
आणि एक माणूस तळ्याकडे बघत बसतो.
किती दिवस बघणार?
"तळं गोठेपर्यंत," ते म्हणाले.
मग जरा थांबून, "मग वरून चालत जाता येतं."
हा विनोद होता की काय, मला आजही कळलेलं नाही.

आता आई नाही. कानात यंत्र घातलं
की अकॉर्डियन पत्र्याच्या डब्यातून येतं,
म्हणून यंत्र साखरेच्या भांड्यात.
रेकॉर्ड मात्र लावतात, दर शनिवारी.
सुई टेकवतात, तबकडी फिरताना बघतात,
आणि योग्य जागी, अगदी योग्य जागी, मान हलते.
काय ऐकू येतं? मी विचारलं.
"ऐकू कशाला यायला हवं? पाठ आहे."

माझा वेती सोळाचा. त्याची गाणी
सुरू व्हायच्या आत संपतात.
मीही त्याच्या दारावर ठोकते,
दांड्यानं नाही, बोटानं, पण ठोकतेच.

परवा त्यानं गॅरेजात
दोन स्पीकर फळ्यांवर पालथे घातले होते.
बाबा सरपण न्यायला आले. थबकले.
बूट काढले. मोज्यांनी उभे राहिले,
गळाला मासा लागलाय का बघावं तसे.
"हळू कर."
वेतीनं हळू केलं.
"अजून. पाऊल पडायच्या आधी
एक श्वास असतो, तो खाल्लास तू."
त्यानं श्वास परत दिला.
सूर एकही नाही. नुसता खालचा ठोका,
जाड, कोरडा, लाकडातून पायात चढणारा.

बाबा माझ्यासमोर आले, वाकले, हात पुढे केला.
मला टँगो येत नाही. तो येऊ नये
याची मी बेचाळीस वर्षं काळजी घेतली आहे.
त्यांचे पाय तुडवले. ते काहीतरी गुणगुणत होते,
बेसूर, कारण स्वतःचा आवाजही
आता अंदाजानंच लावायचा,
आणि वेती फोन उंच धरून ते टिपून घेत होता.

"कुणाचं हे?" बाबा मध्येच ओरडले.
"कुणाचंच नाही. आत्ता केलं."
त्यांनी त्याचे ओठ वाचले.
"खोटं बोलतो," मला म्हणाले. "ओळखीचं आहे."

दुसरं संपलं. मी हात सोडवून घ्यायला लागले,
तर त्यांनी कोपर धरलं,
आणि मोज्यांनीच, सरपणाला वळसा घालून,
डीप फ्रीजपाशी, जिथे मी आधी उभी होते,
तिथवर मला आणून सोडलं.
आभार मानले.
मग बूट शोधू लागले.